दहा चाकी गाडीची सहा चाकं केली तर?

चौबे कॉलोनीतून निघून जीई रोडने पश्चिमेकडे गेलं की टाटीबंध लागतं. नागपूर-दुर्गकडून येणारा महामार्ग आणि रायपूरचा रिंग रोड इथे एकत्र येतात. भिलाईचं पोलाद, उरला-सिलतऱ्याचं लोखंड, धान, सिमेंट, सगळं याच बाजूने ये-जा करतं. इथे ट्रकची ओळख त्याच्या चाकांवरून होते: दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी, बावीस चाकी. जितकी चाकं जास्त तितकी गाडी दमदार, हा हिशेब टपरीवर चहा देणाऱ्या पोरालाही पाठ असतो.

मग मागच्या प्रत्येक जोडीतले दोन्ही टायर काढून तिथे एकच रुंद टायर बसवला, तर दहा चाकी गाडी सहा चाकी होईल. तिची ताकद कमी होईल का?

हा प्रश्न ट्रकवाल्यांपेक्षा आता वेगळ्याच लोकांना पडू लागला आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि चालतं-फिरतं घर बांधायची हौस मराठी माणसाला लागली. आमच्या कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. इथल्या मराठी घरांचं नागपूर-पुण्याकडे जाणं-येणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यामुळे मोठी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनी ट्रकची चासी घेऊन तिच्यावर झोपायची, स्वयंपाकाची सोय करावी असं स्वप्न इथेही बघितलं जातं. परदेशातल्या गाड्यांची चित्रं पाहिली की मागे एकेरी रुंद टायर दिसतो. देखणा असतो. दगड अडकायला फट नाही, आतल्या टायरची हवा तपासायला वाकायला नको. मोह होणं स्वाभाविक आहे. पण तो टायर बसवण्याआधी त्यामागचं गणित बघायला हवं.

टायरबद्दलची पहिली गोष्ट अशी, की भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. भारतात चार टायरांच्या एका आसावर कायद्याने साडेअकरा टन भार चालतो. म्हणजे प्रत्येक टायरच्या वाट्याला २,८७५ किलो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो धरला, तर तो टायर जमिनीला साधारण ३६० चौरस सेंटिमीटर टेकतो. शाळेच्या वहीचं एक पान. भरलेला ट्रक आणि रस्ता यांच्यामध्ये प्रत्येक टायरखाली एवढीच जागा असते. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या पानावर.

जोडीत दोन टायर आले की भार निम्मा-निम्मा वाटला जातो, असं आपण धरून चालतो. टायर बनवणारे तसं धरत नाहीत. ट्रकच्या टायरच्या बाजूवर १५२/१४८ असा आकडा कोरलेला दिसेल. हा भारांक आहे. टायर एकटा असेल तर १५२, म्हणजे ३,५५० किलो. जोडीत असेल तर १४८, म्हणजे ३,१५० किलो. तोच टायर, तेच रबर, तरी जोडीत गेला की त्याच्याकडून चारशे किलो कमी अपेक्षित. कारण जोडी कधीच सारखी नसते. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. एकाची हवा थोडी उतरलेली असते, एक नवा तर दुसरा झिजलेला.

ही विषमता किती महाग पडते, याचा हिशेब घरी करता येतो. मीटरभर व्यासाच्या दोन टायरांत समजा फक्त सहा मिलिमीटरचा फरक आहे. मग परिघात जवळपास १९ मिलिमीटरचा फरक येतो. दोन्ही एकाच आसाला जखडलेले, त्यामुळे फेरे सारखेच घ्यावे लागतात. किलोमीटरला तीनशेच्या वर फेरे होतात, तेवढ्यात हा फरक सहा मीटरच्या आसपास जातो. रायपूरहून नागपूर जवळजवळ तीनशे किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत जोडीतल्या टायरांनी मिळून दीड किलोमीटरहून जास्त अंतर फिरण्याऐवजी घासत कापलेलं असतं. धाब्यावर थांबल्यावर क्लीनर दांडक्याने प्रत्येक टायर ठोकत जातो, तो याचसाठी. हवा उतरलेल्या टायरचा आवाज बद्द येतो. आतला टायर बसला तर बाहेरच्यावर दुप्पट भार पडतो आणि मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, तो किती वेळ टिकेल याची खात्री नसते.

रुंद टायर हे भांडणच मिटवतो. शिवाय आणखी एक फायदा देतो. टायर फिरताना त्याची बाजूची भिंत जमिनीजवळ वाकते आणि वर जाताना सरळ होते. वाकवायला लागलेली सगळी शक्ती रबर परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. ती उष्णता म्हणजे आपलं डिझेल. जोडीला अशा चार भिंती, रुंद टायरला दोनच. रिमही एक कमी, म्हणजे वजन कमी. मिशलँ कंपनीने २००० साली अमेरिकेत ट्रकसाठी असे टायर आणले ते याच हिशेबावर.

मग आपल्याकडे ते का दिसत नाहीत? मला वाटतं, याचं उत्तर एका साध्या गुणाकारात आहे. अमेरिकेत रूढ असलेल्या ४४५/५०आर२२.५ मापाच्या रुंद टायरचा भारांक १६१ असतो, म्हणजे ४,६२५ किलो. आसाच्या दोन टोकांना दोन टायर, मिळून ९,२५० किलो. अमेरिकेत एका आसाची मर्यादा २०,००० पौंड, म्हणजे ९,०७२ किलो. टायर मर्यादेत चपखल बसतो. आपल्याकडे मात्र जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. तोच टायर इथे सव्वादोन टन कमी पडतो. युरोपात इंजिनने फिरणाऱ्या आसाला ११.५ टनच चालतात, म्हणून तिथल्यासाठी याहून रुंद, ४९५ मिलिमीटरचा, १६९ भारांकाचा टायर आला. आसाच्या दोन टोकांचे असे दोन टायर मिळून ११,६०० किलो उचलतात. त्यामुळे रुंद टायर चांगला की वाईट, असं एका दमात सांगता येत नाही. तो कुठल्या देशाच्या भारासाठी बनला, हे आधी विचारायला हवं.

आता रस्त्याची बाजू. गाडी आपली असते, रस्ता सगळ्यांचा, म्हणून या बाजूवर मी थोडा रेंगाळणार आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून भरलेले ट्रक सैनिकांकडून इतके फिरवले गेले, की दहा लाखांहून अधिक आसांचा भार रस्त्यावरून गेला. निष्कर्ष असा निघाला, की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर हानी सोळापट. आपल्या १०.२ ते ११.५ टनांच्या वाढीला हे सूत्र लावा: भार जेमतेम तेरा टक्के वाढला, हानी साठ टक्क्यांहून जास्त.

आपल्या रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. ही संस्था १९३४ सालची, आणि तिच्या मुळाशी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालची १९२७ ची रस्ते समिती आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच जयकर. डांबरी रस्त्यांसाठीच्या या संस्थेच्या संहितेत एक बारीक नोंद आहे. जोडचाकांचा आस ८० किलोन्यूटनचा असेल तर जेवढी हानी, तेवढीच हानी एकेरी चाकांचा आस ६५ किलोन्यूटनलाच करतो. चौथा घात घेतला, तर तोच भार एकेरी चाकांवरून नेल्यास रस्त्याला सव्वादोन पट मार बसतो. हा आकडा साध्या, अरुंद एकेरी टायरचा. रुंद टायर त्यापेक्षा सौम्य, पण जोडीइतका सौम्य नाही. युरोपीय देशांनी मिळून केलेल्या आणि २००१ साली पूर्ण झालेल्या अभ्यासातही रुंद टायरांच्या बाबतीत रस्त्याची चिंता हाच मुख्य मुद्दा होता. उन्हाळ्यात मऊ झालेलं डांबर आणि चौकाजवळ पडलेल्या खोल चाकोऱ्या ज्यांनी रायपूरच्या आसपास पाहिल्या आहेत, त्यांना ही चिंता समजावून सांगावी लागणार नाही.

एकेरी टायर खरोखर शोभतो तो डांबर संपल्यावर. आपल्या लष्कराचा स्टॅलियन ट्रक आठवा, जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार होणारा. त्याला मागेही एकेरी, मोठाच टायर असतो. वाळूत किंवा चिखलात पुढचं चाक जी वाट दाबून काढतं, तिच्यावरूनच मागचं चाक जातं. जोडी असेल तर तिला स्वतःची नवी वाट दाबावी लागते, आणि तेवढ्याने गाडी रुतते. शिवाय पुढे-मागे एकच माप, म्हणजे एक स्टेपनी सगळीकडे चालते. (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, १९०४ साली तिथे डेव्हिस बंधूंनी जादा चाक तयार केलं. आज तिकडे तो शब्द जवळपास विसरला गेला, आपल्याकडे मात्र प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.) पण त्या ट्रकचे आस, बेअरिंग, रिम सगळं एकेरी चाकासाठीच बनलेलं असतं. जोडचाकांच्या आसावर बाहेरून रुंद रिम चढवली, की भाराची रेषा सरकते आणि बेअरिंगवर नको तो ताण येतो.

घर असलेल्या गाडीचा भार ट्रकपेक्षा वेगळा, हेही लक्षात घ्या. ट्रक परतताना अनेकदा रिकामा असतो. घर कधीच रिकामं होत नाही. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, मग बॅटऱ्या, सिलिंडर, पलंग, कपाटं. ओटा आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आली, तर त्या बाजूचे टायर आयुष्यभर जास्त वाहतात. आणि अशी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, म्हणून तिचे टायर झिजून जाण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसते म्हणून ते वाचणं टाळू नका.

कायदाही आहे. नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांच्या विरोधात जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा आरटीओला विचारल्याशिवाय चाकाला हात लावू नये.

माझं मत सांगायचं तर, नागपूर, पुणे, पुरी अशा डांबरी वाटांवर फिरणाऱ्या घरासाठी जोडचाकंच ठेवावीत, फक्त जोडीतले दोन्ही टायर एका मापाचे, एका वयाचे आणि एका दाबाचे असावेत. तरीही रुंद टायर घ्यायचाच असेल, तर आधी एक काम करा. टाकी पाण्याने भरा, सगळं सामान चढवा, माणसंही बसवा आणि गाडी धर्मकाट्यावर न्या. मागचा आस तेवढा काट्यावर ठेवून वजन घ्या. ते दोनने भागा आणि जो टायर घेणार आहात त्याच्या भारांकाचे किलो त्याहून जास्त आहेत का ते बघा. नसतील, तर तो टायर घेऊ नका.