वीस मिनिटांची राखण

२०२३ च्या आषाढातली गोष्ट. रोप लावणीचे दिवस होते. आमचे थोरले बंधू तिन्हीसांजेला बांधावरून घरी येत असताना त्यांच्या पायाला काहीतरी डसले. पुतण्याने गोठ्यातले दावे आणून गुडघ्याच्या वर करकचून आवळले आणि मला फोन केला. शेजाऱ्यांचा टेम्पो काढून आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वासात वाजले होते. कॅज्युअल्टीत दोन खाटा, एक टेबल, एक सिस्टर. बाकी कोणी नाही.

ती सिस्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. बी. ए.च्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात होती, नंतर कॉलेज सोडून नर्सिंगला गेली. त्या वेळी ‘चांगली मुलगी, पदवी तरी पुरी करायची होतीस’ असे मीच तिला सुनावले होते. तिने मला ओळखले, पण नमस्कारात वेळ घालवला नाही.

“सर, दादांना चालवू नका. पाय हलवू नका. दावं एकदम सोडू नका, डॉक्टर येऊ देत. किती वाजता चावलं?”

तिने सलाइन लावले, हातातून थोडे रक्त काढून कोऱ्या काचेच्या नळीत घेतले, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरचे घड्याळ बघून वेळ लिहिली. इतक्यात आतून बाळंतिणीची किंकाळी आली. प्रसूतिगृहातही त्या वेळी तीच एकटी. जाता जाता ती म्हणाली, “सर, वीस मिनिटं ह्या नळीला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. दादांना श्वास घ्यायला जड वाटलं किंवा पापण्या मिटायला लागल्या तर हाक मारा.”

वीस मिनिटे मी त्या नळीची राखण केली. तास घेण्याची सवय असलेल्या माणसाला वीस मिनिटे किती लांब असतात हे त्या दिवशी कळले.

वीस मिनिटांनी तिने नळी अलगद कलती केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. गोठले नव्हते. म्हणजे घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले होते. डॉक्टर क्वार्टर्समधून आले, सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या सलाइनमधून सुरू झाल्या. लसीची उलटी प्रतिक्रिया आली तर म्हणून ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तिने आधीच भरून ठेवले होते. रात्री १०८ च्या गाडीने बंधूंना बेळगावला नेले. आज ते हिंडतात फिरतात, आणि दावे बांधणाऱ्या पुतण्याला अजून शिव्या घालतात.

नंतर कधीतरी मी तिला विचारले, हे सगळे कुठे शिकलीस? मला वाटले होते नर्सिंग शाळेत. तर ती हसली. जी.एन.एम.च्या अभ्यासात तातडीचे उपचार होते, पण प्रत्यक्षात त्या दिवसांत तिच्या वाट्याला खाटा आवरणे आणि नोंदी करणे हेच आले. नळीची चाचणी तिला शिकवली एका ज्येष्ठ ब्रदरने, नाइट ड्यूटीत, चहा पिता पिता. नळी काचेचीच हवी, कोरडी आणि साबणाने न धुतलेली हवी, नाहीतर रक्त गोठत नाही आणि सगळेच फसते, हे त्यांनीच सांगितले. पुढे त्यांची बदली झाली. भांडारातून प्लॅस्टिकच्या नळ्या येऊ लागल्या, तेव्हा तिने पदरच्या पैशांनी काचेच्या आणून कपाटात ठेवल्या. माझ्या भावाचा जीव त्या कपाटात होता म्हणायचा!

आता थोडे गणित. मी मराठीचा माणूस, तरी हे गणित मला घालता येते. सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या. आठवड्याच्या २१ पाळ्या झाल्या. एक नर्स आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे कॅज्युअल्टीत फक्त एक जण सतत हजर ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले की जवळजवळ पाच. केंद्राच्या २०१२ च्या निकषांत ३० खाटांच्या समुदाय आरोग्य केंद्राला दहा स्टाफ नर्स सांगितल्या होत्या. दहाही भरल्या तरी वॉर्ड, प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह आणि कॅज्युअल्टी मिळून एका वेळी दोन-अडीच जणी. आमच्या दवाखान्यात त्या वर्षी होत्या सहा, त्यातल्या दोघी कंत्राटी. मग एकटीने दोन्हीकडे धावायचे नाही तर काय करायचे?

कर्नाटकात १०८ ची सेवा २००८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पूर्वी बैलगाडीतून, टेम्पोतून यायचा तो रोगी आता ऑक्सिजन लावून येतो. फार मोठी सोय झाली, वाद नाही. पण गाडी दारात लागल्यावर स्ट्रेचर ओढून घेणारे हात आमच्याकडे तेवढेच राहिले.

त्यात आमच्या सीमाभागाचे वेगळेच दुखणे. नवीन मुली विजापूर, बागलकोटकडून येतात, मराठी येत नाही. खेड्यातली म्हातारी म्हणते, ‘जीव घाबरा होतोय.’ मुलीला वाटते म्हातारी घाबरली आहे. हृदयविकाराचा झटका असू शकतो हे तिच्या लक्षात येत नाही. घोणस म्हटले तर तिला बोध होत नाही, तिच्याकडे तो कोळकमंडल. मी आणि आमच्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांनी मिळून दोन पानांची यादी केली: भोवळ, धाप, कळ, फेफरे, जीव घाबरा होणे. इकडे भाषेवरून माणसे एकमेकांच्या अंगावर जातात, पण ही यादी करताना आमचे एकदाही भांडण झाले नाही. ती आता टेबलाच्या काचेखाली आहे.

प्रशिक्षणे होत नाहीत असे नाही. जिल्ह्याच्या गावी एक-दोन दिवसांची होतात, जेवण असते, प्रमाणपत्र मिळते. पण सहा जणींतली एक दोन दिवस गेली की उरलेल्या पाच जणींवर तिच्या पाळ्या पडतात. म्हणून जिला पाठवले तरी फरक पडत नाही तीच पाठवली जाते. भारतीय परिचर्या परिषदेचा तातडीच्या व आपत्तीकालीन परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. आमच्याकडची कोण वर्षभर मोकळी सुटणार?

मग गेल्या वर्षी आलेल्या तरुण डॉक्टरांनी आणि माझ्या विद्यार्थिनीने एक साधी गोष्ट सुरू केली. दर शनिवारी दुपारी दोन वाजता, पाळी बदलताना दोन्हीकडच्या मुली हजर असतात, तेव्हा पंधरा मिनिटे रंगीत तालीम. एका शनिवारी रोगी म्हणून मला आडवे केले. ‘कीटकनाशक प्यायलेला माणूस’ अशी भूमिका होती. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, कपडे भिजलेले, हे सगळे तोंडी सांगायचे, करायचे नाही एवढी माझ्यावर कृपा. मुलींनी ॲट्रोपिन काढले, कपडे उतरवायचे, अंग धुवायचे म्हणाल्या, कुशीवर वळवले. सगळे बरोबर. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावीच सापडेना! चार मिनिटे गेली. मी खरा रोगी असतो तर? दुसऱ्या दिवशी चावी साखळीने सिलिंडरला बांधली गेली. पुस्तकातून ही चावी कोणाला दिसली नसती.

२०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, आणि त्याच वर्षी केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. नोंदीचे काम अर्थातच त्याच सिस्टरच्या वहीत आले.

तिच्या घरची स्थिती सांगितल्याशिवाय हे पुरे होत नाही. नवरा बेळगावात उद्यमबागेत कामाला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगा यंदा दहावीला. आठवड्यातून दोन-तीन रात्री ती घरी नसते. सकाळी साडेआठला एस.टी.त उभ्याने झोप काढत जाते. बेळगावला बदलीसाठी तिने अर्ज केला आहे. आमच्या संस्थेतल्या एका वजनदार गृहस्थांची वरपर्यंत ओळख आहे. त्यांच्याकडे शब्द टाकाल का, असे तिने मला दिवाळीत संकोचत विचारले. मी हो म्हणालो.

अजून टाकलेला नाही. तीन-चारदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. बंधू म्हणतात, तिचे उपकार फेडायची हीच वेळ आहे, आणि ते खरे आहे. पण पुन्हा रोप लावणी येईल, गावातली माणसे पुन्हा चिखलात उतरतील, हेही डोक्यातून जात नाही.

गेल्या शनिवारी गेलो तर ती कोपऱ्यात हात बांधून उभी होती. बागलकोटची नवी मुलगी खोटे रक्त नळीत घेत होती. वेळ लिहून तिने इकडेतिकडे पाहिले, नातेवाईक म्हणून मीच समोर होतो. मोडक्या मराठीत म्हणाली, “काका, हे हलवायचं नाही. बघत बसायचं.”

मी खुर्ची ओढून बसलो.