गटाचा फोन नंबर कुणाचा?

बचत गटाची पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे, हा नियम आपण पहिल्या बैठकीपासून पाळतो. पण पापड-मसाल्याच्या पाकिटावर छापलेला फोन नंबर कुणाचा असतो? बहुतेक वेळा एकाच ताईचा. ती बाळंतपणाला माहेरी गेली, आजारी पडली किंवा तिनं गट सोडला, की गिऱ्हाइकंही तिच्या फोनबरोबर जातात. म्हणून आज गटाच्या फोनविषयी बोलू.

आम्ही गटांना आधी एकच सांगतो, गटासाठी वेगळं सिम घ्या. त्या नंबरावर व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप सुरू करा. ते मोफत आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव लावता येतात. मुख्य फोनशिवाय आणखी चार फोन किंवा संगणक त्याला जोडता येतात. म्हणजे एकीनं ऑर्डर घेतली तरी ती दुसरीला दिसते. साधा कॉल मात्र सिम असलेल्या फोनवरच वाजतो. तो उचलला गेला नाही तर दुसऱ्या ताईकडे जावा, अशी सोय फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ इथे करता येते.

आता इंटरनेटवरून बोलणं चालतं कसं? आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे. ते एकामागून एक पलीकडे जातात. एका कॉलला दर सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास वेग जाताना आणि तेवढाच येताना पुरतो. म्हणजे फार वेगवान नेट लागत नाही, सलग चालणारं नेट लागतं. तुकडे उशिरा आले की आवाज तुटतो. म्हणून कोणतीही जोडणी घेण्याआधी गर्दीच्या वेळी, संध्याकाळी आठच्या सुमारास, कॉल करून बघा.

घरून काम करणाऱ्या गटाला मोबाइलचं नेट पुरतं. दुकान किंवा कारखाना असेल, तर फायबरची जोडणी बरी. तिच्याबरोबर बहुधा लँडलाइन नंबरही मिळतो. मात्र एक फरक लक्षात ठेवा. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची. फायबरचा डबा आपल्या घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की फोनही बंद. त्यामुळे डब्याला छोटी बॅटरी किंवा इन्व्हर्टर हवाच. गावापर्यंत फायबर आलं आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामपंचायती फायबरनं जोडण्याची योजना केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच आता भारतनेट म्हणतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘पापडासाठी एक दाबा, मसाल्यासाठी दोन’ असं सांगणारी सेवा. नंबर एकच, पण कॉल ठरवलेल्या क्रमानं तीन-चार जणींच्या फोनवर जातो. घेतला न गेलेला कॉलही नोंदला जातो. हिला पैसे पडतात, म्हणून घाई नको. महिनाभर चुकलेले कॉल वहीत लिहा. त्यात किती ऑर्डरी गेल्या असत्या आणि त्यातून किती सुटलं असतं, याचा हिशेब करा. तो खर्चापेक्षा मोठा असेल तरच घ्या.

सावधगिरीही हवी. ओटीपी कुणालाही सांगू नका. ‘स्टार ४०१ स्टार लावून हा नंबर फिरवा,’ असं अनोळखी माणूस म्हणाला तर फिरवू नका. त्यानं आपले कॉल त्याच्याकडे वळू शकतात आणि आपलं व्हॉट्सअॅप त्याच्या ताब्यात जाऊ शकतं. फसवणुकीत पैसे गेले, तर लगेच १९३० वर कळवा. आणि व्हॉट्सअॅपवरून ११२ ला कॉल लागत नाही, संकटात साधाच फोन लावा.

येत्या बैठकीत चार गोष्टींचा ठराव लिहा: सिम कुणाच्या नावावर, फोन कुणाकडे, रिचार्ज कोण आणि कोणत्या तारखेला करणार, व्हॉट्सअॅपचा दोन पायऱ्यांचा पिन कुठे ठेवणार. रिचार्ज राहून नंबर कायमचा बंद पडला, तर पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. पाकिटं मात्र तोच नंबर घेऊन घरोघरी पोचलेली असतात. पिन पाकिटात बंद करून पेटीत ठेवा. चावी दुसरीकडे आहेच.