विमान एकट्याने बांधता येतं, उडवायला चार जण लागतात

घरच्या गच्चीवर, गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांच्या बातम्या आपण लाइक करतो, शेअर करतो आणि विसरतो. पण त्या बांधणाऱ्याच्या मागे उभं राहणारं कोण असतं? जगभर त्यासाठी हौशी मंडळींच्या संघटना उभ्या राहिल्या, मोठ्या झाल्या, त्यांची मेंबरांशी भांडणंही झाली. आपल्याकडे मात्र हे पानच कोरं आहे. सातारा-सांगलीच्या पोरांनी ते भरायला काय हरकत आहे?

'गावच्या पठ्ठ्याने बनवलं विमान!' दर एक-दोन वर्षांनी अशी एक बातमी येतेच. सोबत फोटो असतो. पत्रा, पाइप, जुन्या गाडीचं इंजिन आणि शेजारी हाताची घडी घालून उभा असलेला एक तरुण. खाली कमेंट्सचा पाऊस. 'भावा, नाद खुळा', 'सरकारने मदत केली पाहिजे', 'आपल्याकडे टॅलेंटची कदरच नाही'. आठवडाभराने सगळं शांत. तो तरुण आणि ते यंत्र, दोघंही जिथल्या तिथे.

या बातम्यांमध्ये दोन महाराष्ट्राला चांगल्या माहीत आहेत. एक अभिमानाने सांगितली जाते, दुसरी हळहळत. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या, तर मधे काय हरवलंय ते दिसतं.

पाटणचा माणूस, कांदिवलीची गच्ची

कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. त्या काळात जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. हा त्यांचा तिसरा प्रयत्न, म्हणून नाव टीएसी-००३. सुटे भाग करून क्रेनने ते गच्चीवरून खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडलं, तेव्हा ते पाहायला झुंबड उडाली.

विमान तयार होतं. अडचण पुढे होती. आपल्या देशात विमान उडवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी आणि परवानगी लागते. ती यंत्रणा कंपन्यांची विमानं तपासायला सरावलेली. घरी बांधलेलं विमान कोणत्या खान्यात बसवायचं, इथूनच प्रश्न. यादवांनी त्यासाठी वर्षानुवर्षं उंबरठे झिजवले. शेवटी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विषय थेट पंतप्रधानांपर्यंत नेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते विमान जमिनीवरून उचललं गेलं.

विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. व्हीटी हे भारतीय विमानांचं चिन्ह. पुढची अक्षरं 'नरेंद्र मोदी' आणि 'देवेंद्र' यांची, असं यादवांनीच सांगितलं होतं. कृतज्ञता समजण्यासारखी आहे. पण जरा विचार करा, एका हौशी माणसाच्या विमानाची फाइल हलायला मुख्यमंत्री आणि पंतप्रधान लागतात. त्याच्या आणि दिल्लीच्या मधली पायरीच गायब आहे.

फुलसावंगीची रात्र

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२१ ची. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा २४ वर्षांचा तरुण. शिक्षण आठवीपर्यंत, वेल्डिंग आणि पत्राकामात हात बसलेला. त्याने फावल्या वेळात एका आसनाचं हेलिकॉप्टर बांधलं, त्याला मारुती ८०० चं इंजिन लावलं. एका रात्री जमिनीवरच चाचणी घेताना फिरणाऱ्या पात्यांमध्ये बिघाड झाला, पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. त्यात तो गेला.

त्याच्या हातात कौशल्य होतं, यात वाद नाही. पण पात्याचा धातू कोणता, जोड किती ताण सोसेल, इतक्या वेगाने फिरताना ते थरथरतंय का, हे दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर? 'थांब, आज इंजिन सुरू करू नकोस' असं हक्काने म्हणणारं कोणी असतं तर? अशी माणसं जिथे भेटतात, ती जागा त्याच्या गावात नव्हती, तालुक्यात नव्हती. खरं तर राज्यातही ती सहजी सापडत नाही.

राइट बंधूंनाही पत्ता लागला होता

विमान म्हटलं की आपल्याला राइट बंधू आठवतात. सायकलच्या दुकानातले दोन भाऊ, जगाशी देणंघेणं नाही, आणि एक दिवस उडाले. सिनेमाला बरी गोष्ट आहे. प्रत्यक्षात विल्बर राइटने १८९९ मध्ये पहिलं काम केलं ते स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिण्याचं: उड्डाणाबद्दल छापलेलं जे काही आहे ते पाठवा. पुढच्या वर्षी त्याने शिकागोच्या ऑक्टेव्ह शनूट या वयस्क इंजिनिअरला पत्र टाकलं. शनूटने जगभरच्या उड्डाणप्रयोगांची माहिती गोळा करून १८९४ मध्ये पुस्तकच काढलं होतं. दोघांमध्ये पुढे दहा वर्षं पत्रव्यवहार चालला. १९०१ मध्ये शनूटच्याच निमंत्रणावरून विल्बरने शिकागोच्या इंजिनिअर मंडळींसमोर आपले फसलेले प्रयोग मांडले. १९०३ चं यश त्यानंतरचं.

म्हणजे जोडी दोघांची, पण डोकी खूप.

तीस-पस्तीस जणांची मीटिंग

हाच धागा अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी पकडला. जानेवारी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत घरी विमान बांधणारी थोडीशी मंडळी जमली आणि एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, थोडक्यात ईएए, सुरू झाली. १९५५ मध्ये पोबेरेझ्नींनी एका लोकप्रिय मासिकात घरी विमान कसं बांधावं यावर लेखमाला लिहिली आणि मेंबर धडाधड वाढले.

या संघटनेचं खरं काम जत्रेत दिसत नाही. ते गॅरेजमध्ये चालतं. तिचे 'टेक्निकल कौन्सिलर' म्हणजे स्वतः विमानं बांधलेले अनुभवी मेंबर. ते फुकट तुमच्या घरी येतात, काम पाहतात. पंखांवर कापड किंवा पत्रा चढवण्याआधीची भेट सगळ्यात मोलाची, कारण एकदा आतला सांगाडा झाकला गेला की चुकलेला जोड दिसत नाही. शिक्का सरकारी अधिकाऱ्याचाच लागतो, पण त्याच्या समोर जाण्याआधी विमान चार जणांच्या नजरेखालून गेलेलं असतं.

अमेरिकेचा नियमही साधा. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेलं हवं. मग साधारण २५ ते ४० तास ठरलेल्या भागात चाचणी उड्डाणं, तीही प्रवासी न घेता. आधी सिद्ध करा, मग मित्राला बसवा.

जत्रा मोठी झाली, मेंबर कुरकुरले

१९७० पासून ईएएचा मेळावा ऑशकॉश इथे भरतो. आज त्या आठवड्यात दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात आणि येणाऱ्यांचा आकडा सात लाखांच्या घरात जातो. लढाऊ जेट, मोठ्या कंपन्यांचे तंबू, रात्रीचे शो. गावच्या यात्रेचं झालं की जसं जुनी माणसं म्हणतात, 'देवापेक्षा पाळणेच जास्त', तसंच जुने मेंबर म्हणू लागले. २०१२ च्या सुमारास धावपट्टीलगतची मोक्याची जागा कंपन्यांच्या पाहुण्यांना दिल्यावरून नाराजी इतकी वाढली, की त्याच वर्षी संघटनेचा अध्यक्ष बदलला.

दरम्यान बांधणाऱ्यांचाही स्वभाव बदलला. पूर्वी नकाशे मागवून, लाकूड तासून, पाइप जोडून सगळं हाताने करायचे. आता सुट्या भागांचा तयार किट मिळतो. ऑरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही मालिकेची ११ हजारांहून जास्त विमानं अशी घरोघरी बांधून उडाली आहेत. साहजिकच 'मी ईएएचा' म्हणणारा माणूस 'मी आरव्हीवाला' म्हणू लागला. प्रश्न पडला की संघटनेकडे जाण्याऐवजी तेच मॉडेल बांधणाऱ्या दुसऱ्या माणसाला विचारायचं.

आणि ही नवी टोळी कामाला आलीही. २०२३ मध्ये या कंपनीच्या लेझरने कापलेल्या काही भागांमध्ये छिद्रांच्या कडेला तडे जात असल्याचं बांधणाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपापसात फोटो, मोजमापं जुळवली, कंपनीला जाब विचारला. कंपनीला भाग बदलून द्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. तडे आधी दिसले ते गॅरेजमध्ये बसलेल्या गिऱ्हाइकांना, आणि ते एकमेकांशी बोलत होते म्हणून बात दबली नाही.

ब्रिटनने आणखी एक पाऊल टाकलंय. तिथे १९४६ मध्ये हलक्या विमानांच्या शौकिनांनी काढलेली संघटना आज लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणून ओळखली जाते. तिथल्या विमान प्राधिकरणाने घरी बांधलेल्या विमानांची बरीचशी तपासणी तिच्यावर सोपवली आहे. टप्प्याटप्प्याने संघटनेचा इन्स्पेक्टर येतो, पाहतो, सही करतो. तिथल्या हौशी माणसाला पंतप्रधानांची भेट मागावी लागत नाही.

आपल्याकडे सही कुणाची?

गंमत म्हणजे हे आपल्याला नवीन नाही. १९२९ मध्ये जेआरडी टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संघटनेच्या सहीने. म्हणजे एकेकाळी इथेही संघटनेची सही चालत होती. पुढे सगळा कारभार सरकारकडे गेला. सुरक्षेसाठी ते योग्यही होतं. पण त्यात हौशी माणसाची पायरी पुसली गेली. एअरो क्लब ऑफ इंडिया आजही आहे, मात्र गॅरेजमध्ये वेल्डिंग करणाऱ्या पोरापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे बघा. कराडला धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षं वापराविना पडून आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना काढून लोखंडी नांगर बनवले, ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातलीच. लेथवर, वेल्डिंगवर हात बसलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, साखराळ्याचं आरआयटी १९८३ चं. मेकॅनिकलची लॅब आहे, मटेरियल टेस्टिंगचं मशीन आहे, शिकवणारे सर आहेत. आणि पाचगणीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करणारी मंडळी उड्डाणाआधी एकमेकांचे पट्टे, बकल तपासतात. ही सवय म्हणजेच अर्धी संघटना.

सगळं आहे, पण सुटंसुटं. वेल्डरला लॅब माहीत नाही, लॅबला वेल्डर माहीत नाही. विमान बांधायला निघालेल्या पोराला दोन्ही माहीत नाहीत. हे तिघं महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसले, तरी एखादं पातं तुटण्याआधी कोणीतरी म्हणेल, 'आण, आधी टेस्ट करू.' त्याला ना मोठा निधी लागतो, ना उद्घाटनाला मंत्री. एक खोली, एक रजिस्टर आणि नाही म्हणण्याची हिंमत असलेले दोन जाणते पुरेत.

पुढच्या वेळी 'गावच्या पठ्ठ्याने बनवलं विमान' ही बातमी आली, तर कमेंट टाकाच. पण सोबत एक प्रश्नही विचारा: भावा, तुझं काम तपासलं कोणी?

चौकट : सुरुवात कुठून करायची?

• मॉडेलपासून. माणूस बसणारं यंत्र ही पहिली पायरी नव्हे. पंख, तोल, गुरुत्वमध्य हे सगळं लहान मॉडेलवर शिकता येतं, आणि पडलं तर फक्त थर्माकोल मोडतो.

• नियम वाचा. ड्रोन नियम २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण कुठे उडवायचं याची बंधनं आहेतच. डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळा, हिरवा भाग आधी बघा.

• स्पर्धेत उतरा. एसएई इंडियाच्या सदर्न सेक्शनची एअरो डिझाइन चॅलेंज कॉलेजच्या टीमसाठीच आहे. डिझाइन रिपोर्ट लिहा, इन्स्पेक्शन पास व्हा, मगच उड्डाण. तपासणीची सवय इथेच लागते.

• एनसीसी एअर विंग. तुमच्या कॉलेजमध्ये असेल तर चौकशी करा. एअरोमॉडेलिंग तिथल्या प्रशिक्षणाचा भाग आहे.

• वही ठेवा. कोणता भाग, कुठून आणला, कधी बसवला, कोणी पाहिला. तारीख आणि सही. पुढे मोठं काही बांधाल तेव्हा ही वहीच तुमची पहिली साक्षीदार असेल.