खाऱ्या हवेतला संगणक

पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड, पास्थळ या गावांत कुणाच्या घरी अजून टेबलावर डेस्कटॉप असेल, तर त्याची कुंडली बऱ्याचदा ठरलेली असते. २०११ ते २०१४ च्या सुमारास बोईसरला असेंबल करून घेतलेला, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. आत इंटेलचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. कुणी मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी घेतला, कुणी तारापूर अणुवीज केंद्राच्या, म्हणजे टॅप्सच्या, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मुलांच्या अभ्यासाला. तो अजून चालू होतो, पण ब्राउझर उघडायला सांगितलं की बराच वेळ नुसता गोल फिरत बसतो.

दुकानात नेला की उत्तर मिळतं, ‘‘काका, यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या.’’ यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख लिहितो आहे, कारण यंत्र मंद का झालं हे न बघता ते बदलणं मला पटत नाही. शिवाय आपल्या भागात यंत्र बिघडण्याची दोन कारणं, हवा आणि वीज, प्रोसेसरच्या आधी तपासावी लागतात आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसतात.

तारापूर एमआयडीसीत दिवसभर पंपाचं सील आणि मोटारीचं बेअरिंग बदलणारा फिटरसुद्धा घरच्या कॅबिनेटचे दोन स्क्रू सोडवायला कचरतो. खरं तर त्याच्याइतकी योग्य माणसं थोडी. मेंटेनन्सवाल्याला ठाऊक असतं की आधी मोजायचं, मग उघडायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संगणकालाही हेच लागतं.

तेव्हा आधी मोजू. यंत्र चालू करून पाच-दहा मिनिटं शांत सोडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सचं पान बघा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. काहीही काम चालू नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट पाहतो आहे. त्या पिढीच्या यंत्रांत बहुतेक वेळा हेच चित्र असतं.

हार्ड डिस्क वाट का पाहायला लावते, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद जातात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्यासाठी असे बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी विखुरलेले तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागते. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती तेवढ्याच वेळात हजारो तुकडे सहज देते. साध्या एसएसडीनं जुना संगणक एकदम तरतरीत होतो तो यामुळे.

इथे दुकानदार एक शंका काढतो आणि ती बिनबुडाची नसते. एच६१ बोर्डावर डिस्क जोडायला साटाचा जुना, ३ गिगाबिटचा मार्ग आहे, म्हणजे सेकंदाला फार तर ३०० मेगाबाइट. एसएसडीच्या खोक्यावर ५५० छापलेलं असतं. ‘‘अर्धा वेग वाया जाणार,’’ असं तो म्हणतो. मोठा सिनेमा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना तसं होईल. पण आपली अडचण विखुरलेल्या छोट्या तुकड्यांची होती आणि ती या मार्गावरही सुटते. मात्र अडीच इंची साटा एसएसडीच मागा. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी या बोर्डात बसत नाही. तिच्यासाठी खाच असलेला पुढच्या काळातला बोर्ड असेल, तर ती खाच साटाची की एनव्हीएमईची हे पुस्तिकेत बघून घ्या. दोन्ही पट्ट्या जवळपास एकसारख्या दिसतात आणि चुकीची आणली की पुन्हा गाडी पकडून परत करायला जावं लागतं.

मेमरीचा आलेख नव्वद टक्क्यांच्या वर चिकटलेला असेल तर रॅम वाढवायची. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. म्हणजे कमी रॅम आणि मंद डिस्क एकमेकींचं दुखणं वाढवतात. या बोर्डाला डीडीआर३ लागते. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी असते. ती चुकीची बसू नये म्हणूनच तशी केलेली आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावायचा नाही, पट्टी वेगळी आहे. ८ जीबीची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन घेतलेल्या चांगल्या, कारण दोन्ही खाचा भरल्या की प्रोसेसरला रॅमशी बोलायला दुप्पट रुंद वाट मिळते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला याचा फायदा जास्त होतो, कारण चित्र काढायलाही तीच रॅम वापरली जाते. एआयच्या डेटा सेंटरांमुळे २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमच्या किमती भडकल्या आहेत. अशा वेळी कुणाच्या माळ्यावरच्या बंद यंत्रातली डीडीआर३ पट्टी मिळाली, तर ती आनंदानं घ्यावी.

आता हवेबद्दल, कारण या पट्ट्यात खरा त्रास तिचा आहे. एका अंगाला नवापूर-नांदगावचा समुद्र, दुसऱ्या अंगाला तारापूर एमआयडीसी. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि कॅबिनेटच्या पंख्यातून थेट बोर्डावर बसतात. कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे त्याच्या वरचेच दिवस जास्त. मग धुळीत मिसळलेलं हे मीठ बोर्डावर ओलसर थर धरतं. त्यातून थोडी वीज वाहू शकते आणि तांबं हिरवं पडायला लागतं. हवेत गंधकयुक्त वायू असतील तर चांदी आणि तांब्याच्या जोडांवर काळी पुटंही चढतात.

यातून एक गोष्ट निघते जी अनेकांना उलटी वाटते. रोज चालणारा संगणक पावसाळ्यात जास्त टिकतो. चालू यंत्र आतून उबदार राहतं, उबेनं आतली आर्द्रता उतरते आणि मीठ कोरडं राहतं. मे महिन्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालून बंद केलेला आणि थेट गणपतीला उघडलेला संगणक मात्र चालू व्हायला नकार देतो. प्लॅस्टिकच्या आत ओल कोंडते. कव्हर सुती घ्या आणि पावसाळ्यात दिवसाआड तासभर तरी यंत्र चालू ठेवा.

असा संगणक चालू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही. कधी आतून टुं-टुं आवाज येतो. दुकानात याला ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतात, आणि मदरबोर्ड गेला असं ठरवण्याआधी दहा मिनिटांचं एक काम करून बघायचं. प्लग भिंतीतून काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर दाबा, पट्टी वर येते. तिच्या कडेचे सोनेरी ठिपके उजेडात तिरपे धरून बघा. चकाकी जाऊन तपकिरी झाक आलेली दिसेल. पांढरं मऊ खोडरबर घेऊन ते ठिपके एकाच दिशेनं हलक्या हातानं पुसा. सँडपेपर नको, वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. रबराचा भुगा कोरड्या ब्रशनं झटका, खाचेतही ब्रश फिरवा, पट्टी सरळ ठेवून दोन्ही टोकं एकेक करून दाबा. कडी आपोआप मिटून ‘टक्’ वाजली पाहिजे. त्या ‘टक्’नंतर पडदा उजळतो तेव्हा होणारा आनंद मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. एकदा तो मिळाला की माणूस कॅबिनेट उघडायला पुन्हा घाबरत नाही.

विजेचंही एक सांगायला हवं. अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. ते एकीकडे फेज आणि न्यूट्रलला, दुसरीकडे कॅबिनेटच्या लोखंडाला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेत खरं अर्थिंग असेल तर ती वीज जमिनीत जाते. सॉकेटला तीन भोकं आहेत पण तिसऱ्यामागे वायरच नाही, असं असेल तर २३० व्होल्टच्या निम्मं, सुमारे ११५ व्होल्ट, कॅबिनेटवर येऊन थांबतं. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण मॉनिटर किंवा नेटची वायर जोडताना तेवढ्यानंही पोर्ट जळू शकतो. नवीन काहीही विकत घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकते.

ग्राफिक्स कार्ड टाकायचं मनात असेल तर एसएमपीएसच्या अंगावरची चिठ्ठी वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असेल तर गुणाकार करा, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही मुख्यतः याच रकान्यातून खायला मिळतं.

सगळ्यात जास्त वैताग प्रोसेसर देतो. एच६१ बोर्डाच्या सॉकेटला ११५५ पिना आहेत आणि त्यात इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीपलीकडचं काही बसत नाही. चौथ्या पिढीला ११५०, सहाव्या-सातव्याला ११५१. आठव्या पिढीलाही ११५१ च, पण बोर्ड नवा लागतो. म्हणजे नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड नवा, बोर्ड नवा तर रॅम नवी, आणि शेवटी जुन्यातलं कॅबिनेटच तेवढं उरतं. बोर्ड तोच ठेवून जुना आय-फाइव्ह घालायचा म्हटलं तरी एक गाठ आहे. दुसऱ्या पिढीच्या काळातल्या बोर्डाला तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावी लागते आणि ती करायला जुना प्रोसेसरच जागेवर असावा लागतो. जुना काढून विकून मग नवा आणला, तर दोन्हीकडून अडकलात. बायोस लिहिली जात असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरी धड असलेल्या यूपीएसशिवाय हे काम करू नये. पहिल्या पावसाच्या आठवड्यात तर नाहीच. माझं मत विचाराल तर एसएसडी आणि ८ जीबी रॅमच्या पुढे या बोर्डावर पैसे घालू नयेत.

विंडोजचा प्रश्न मात्र रॅम-डिस्कनं सुटत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट यंत्रं यामुळे बाद ठरली आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्यांचं काम ब्राउझर, पत्र टाइप करणं आणि हिशेब एवढंच आहे, त्यांनी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घालून आधी नुसतं चालवून बघावं. डिस्कला हात न लावता ते चालतं. पडदा, आवाज, वायफाय, प्रिंटर सगळं जमलं तरच बसवा. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आलेलाच असतो.

लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्यांची अडचण वेगळी. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट, त्यात वर्षानुवर्षं साठवलेल्या फायली, आणि काहींच्या सॉफ्टवेअरला मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसणारा डोंगल. नव्या बोर्डांवर तो पोर्ट सहसा मिळत नाही. अशांनी ते यंत्र मोडू नये. त्याची नेटची वायर काढावी, डिस्कची हुबेहूब प्रत एका एसएसडीवर करून मूळ हार्ड डिस्क कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, आणि बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी आत्ताच बदलावी. ती संपली की यंत्र तारीख विसरतं, बायोसमधल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि त्या काय होत्या हे सांगणारा माणूस तोवर दुकानात असेलच असं नाही. म्हणून बॅटरी काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.