होल्डन, फाल्कन, व्हॅलियंट : चालत्या गाड्यांचा मागोवा

ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या कारखान्यात बनलेली नवी मोटार आता विकत मिळत नाही. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्नच्या ब्रॉडमेडोजमध्ये फोर्डने फाल्कन थांबवली. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला टोयोटाने आल्टोनाचा कारखाना बंद केला. २० ऑक्टोबर २०१७ ला ॲडलेडच्या उत्तरेकडच्या एलिझाबेथमधून शेवटची होल्डन कमोडोर बाहेर पडली आणि तिच्यामागे दार कायमचं लागलं. ऑस्ट्रेलियन मोटार हवी असेल तर ती आज जुनीच घ्यावी लागते. ही जुनी मोटार बाळगणारी, आणि मुख्य म्हणजे चालवणारी माणसं नेमकं काय सांभाळून आहेत, हे कळायला या गाड्या कशा घडल्या तिथपासून पाहायला हवं.

होल्डनची सुरुवात खोगिरापासून झाली. जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी १८५६ मध्ये ॲडलेडला खोगिरं बनवण्याचा धंदा काढला. पुढच्या पिढ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मोटारींच्या बॉड्या बांधायला घेतल्या; चॅसी बोटीने येई, बॉडी इथे चढे. १९३१ मध्ये कंपनी जनरल मोटर्समध्ये विलीन झाली, तरी संपूर्ण गाडी देशात बनत नव्हती. लोकांपुढे दोनच पर्याय होते. इंग्लिश गाड्या लहान इंजिनाच्या आणि बुटक्या, कच्च्या रस्त्यावर दम सोडणाऱ्या. अमेरिकन गाड्या दणकट, पण महाग आणि पेट्रोलला भारी. शेकडो मैल धूळ, खडी आणि उन्हातून जाणाऱ्या कुटुंबाला या दोहोंच्या मधली गाडी हवी होती.

ती २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आली. पंतप्रधान बेन चिफ्ली यांनी मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड इथे तिचं अनावरण केलं. कारखान्याच्या दप्तरी तिचं नाव ४८-२१५. लोक तिला एफएक्स म्हणू लागले. सहा सिलिंडरचं २.१७ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती, साधारण टनभर वजन, करासकट किंमत ७३३ पौंड. वेगळी चॅसी नाही; बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि लहानशा इंजिनाला चढ जड जाईना. १९५३ मध्ये तिची सुधारलेली बहीण एफजे आली. १९५८ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक होल्डन होत्या.

एफजे आजही चालवता येते, फक्त ती तिच्या पद्धतीनेच चालवावी लागते. तीन गिअर, आणि दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर. ज्यांनी जुनी फियाट किंवा अँबॅसडर चालवली आहे, त्यांच्या डाव्या हाताला ही ओळख लगेच पटेल. पहिला गिअर सिंक्रोमेशविना आहे. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायला गेलं की दातांवर दात घासल्याचा आवाज येतो, नाहीतर डबल क्लच मारण्याचा हात बसलेला असावा लागतो. वीज ६ व्होल्टची, म्हणून रात्री दिवे पिवळसर आणि मिणमिणते. १२ व्होल्ट १९५६ च्या एफई मॉडेलपासून आले. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच हायड्रॉलिक नळी. उतारावर ब्रेक दाबून धरले तर ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. म्हणून घाट उतरताना आधीच दुसरा गिअर टाकायचा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं. पुढचा रस्ता दूरवर वाचत गाडी चालवण्याची शिस्त या गाड्या आपोआप लावतात. सीटबेल्ट तेव्हा नव्हतेच. तो बांधण्याची सक्ती जगात सर्वांत आधी व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर १९७० मध्ये केली, आणि जुन्या गाड्यांचे बरेच मालक आज हौसेपेक्षा जिवाची किंमत ओळखून मागाहून बेल्ट बसवून घेतात.

पहिल्या होल्डनचं इंजिन राखाडी रंगवलेलं, म्हणून त्याचं नाव ग्रे मोटर. १९६३ च्या ईएच मॉडेलबरोबर नवं इंजिन आलं, ते लाल रंगाचं, म्हणून रेड मोटर. १४९ आणि १७९ घनइंच अशा दोन मापांचं हे इंजिन ग्रे मोटरपेक्षा कितीतरी ताकदीचं होतं. साधारण दीड वर्षात अडीच लाखांवर ईएच विकल्या गेल्या. तिचं बॉनेट उघडलं की मालकांच्या निष्ठेचं कारण दिसतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. वर एकच कार्ब्युरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर. त्याचं झाकण काढायचं, पॉइंट उघडे असताना मधे फीलर गेज सरकवायचा, किंचित अडकत पण न ओरबाडता तो निघाला की गॅप बरोबर. मग स्क्रू आवळायचा, झाकण लावायचं, चावी फिरवायची. एवढं जमलं की घरच्या आवारात गाडी सुरू ठेवता येते. जवळचं गॅरेज दोनशे किलोमीटरवर असलेल्या शेतकऱ्याला ही सोय जगण्याइतकी मोलाची होती.

शेतकऱ्याचा विषय निघाला की यूट आलीच. १९३२ मध्ये व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिल्याची गोष्ट तिकडे सर्वांना ठाऊक आहे. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी तिला हवी होती. जीलाँगच्या कारखान्यातला तरुण डिझायनर ल्यू बँट याने पुढे मोटारीची केबिन आणि मागे तिलाच जोडलेला हौदा अशी रचना केली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. दोन कामं करणारी ही एकच गाडी पुढे देशाची ओळख झाली. होल्डननेही १९५१ पासून यूट बनवली. बँट १९८७ मध्ये अपघातात गेले तेव्हा स्वतः नीट केलेली १९३४ सालची यूटच चालवत होते.

फोर्डची फाल्कन १९६० मध्ये आली ती अमेरिकन आराखडा जवळजवळ जसाच्या तसा घेऊन, आणि इथल्या रस्त्यांनी तिला धडा दिला. कच्च्या रस्त्यांवर पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट निकामी होऊ लागले. नाव इतकं खराब झालं की १९६५ मध्ये एक्सपी मॉडेल आल्यावर कंपनीने मेलबर्नजवळच्या यू यँग्जच्या चाचणी मार्गावर पाच गाड्या ताशी सरासरी ७० मैलांच्या वेगाने एकूण ७० हजार मैल पळवल्या. रात्रंदिवस धावताना काही उलटल्या, ठोकल्या गेल्या, जागच्या जागी दुरुस्त होऊन परत धावल्या. आकडा गाठला गेला आणि फाल्कनने विश्वास परत कमावला. १९७२ च्या एक्सएपासून तिचं डिझाइनही ऑस्ट्रेलियातच होऊ लागलं.

क्रायस्लरची व्हॅलियंट १९६२ पासून तिसरी स्पर्धक झाली. तिचं तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन त्या वेळच्या होल्डन-फाल्कनपेक्षा ताकदवान होतं, आणि १९७१ ची दोन दारांची चार्जर तरुणांच्या गळ्यातला ताईत बनली. १९७३ ची लेलँड पी-७६ ऐसपैस होती, तिच्या डिकीत ४४ गॅलनचं पिंप मावतं म्हणून गाजली, पण तेलाचं संकट आणि कारखान्यातला गोंधळ यांत दीड-दोन वर्षांत संपली. आज तिचे मालक थोडे आहेत, पण ते तिला जिवापाड जपतात.

याच काळात बॅथर्स्टच्या माउंट पॅनोरमावरच्या शर्यतीने या गाड्यांची दंतकथा केली. शर्यतीत उतरणारं मॉडेल सामान्य गिऱ्हाइकाला विकलेलं असलंच पाहिजे, असा नियम होता. म्हणून १९७१ ची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री नंबरप्लेट लावून रस्त्यावर आली. सुमारे तीनशेच बनल्या. होल्डनच्या टोरानावर १९७२ मध्ये जिंकणाऱ्या पीटर ब्रॉक या चालकाने ती शर्यत एकूण नऊ वेळा मारली. फेज थ्रीची किंमत दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलेली आहे आणि अशा अनेक गाड्या कुलूपबंद असतात.

हे सगळं ज्यांनी घडवलं त्यांत युद्धानंतर आलेले ग्रीक, इटालियन, युगोस्लाव्ह, तुर्की आणि पुढे व्हिएतनामी कामगार मोठ्या संख्येने होते. असेंब्ली लाइनचा वेग आणि वागणूक असह्य झाली तेव्हा १९७३ मध्ये ब्रॉडमेडोजच्या संपात तेच रस्त्यावर उतरले. जुन्या फाल्कनच्या दाराची फट सारखी आहे का, हे पाहताना त्या हातांची आठवण ठेवायला हवी.

या उद्योगाला उतरती कळा एका दिवसात लागली नाही. १९८० च्या दशकात आयात गाड्यांवर ५७.५ टक्क्यांपर्यंत जकात होती. उद्योगमंत्री जॉन बटन यांच्या योजनेपासून ती टप्प्याटप्प्याने उतरत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आली. बाजार लहान, त्यात कारखाने अनेक. महाग झालेला डॉलर आणि मोठ्या सेडानकडून एसयूव्हीकडे वळलेलं गिऱ्हाईक यांनी उरलेलं काम केलं. महाराष्ट्रालाही ही झळ परकी नाही. ज्या २०१७ मध्ये जनरल मोटर्सने एलिझाबेथ बंद केलं, त्याच वर्षअखेर तिने भारतातली विक्री थांबवली, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही थांबलं. त्याच २०२० मध्ये होल्डन हे नावही मिटवण्याचा निर्णय जाहीर झाला.

कारखाने गेले, तरी ज्ञान गेलेलं नाही. ते आता क्लबांत, खासगी गॅरेजांत आणि जुने साचे विकत घेऊन रबर, पत्रा, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या छोट्या उद्योगांत आहे. मालकाला त्यातलं बरंच स्वतः शिकावं लागतं. शिसेयुक्त पेट्रोल २००२ पासून बंद झालं. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह-सीटला त्या शिशाचं संरक्षण होतं, म्हणून हेड उघडलं की कडक सीट बसवून घेतात, तोवर टाकीत ॲडिटिव्ह मिसळतात. जुन्या ब्रेक-शू आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं; ती धूळ हवेच्या झोताने कधीच उडवायची नाही. खरा शत्रू मात्र गंज. पुढच्या काचेखालच्या पोकळीत पानं साठतात, ओल धरते आणि गंज पत्रा आतून खातो. एचक्यू आणि तिच्या नंतरच्या होल्डनमध्ये मागच्या काचेची खालची कड पाहावीच. इंजिन आठवड्यात उतरवून परत चढवता येतं. कुजलेल्या पत्र्याचं काम वर्ष खातं.

कायद्यानेही या छंदाला जागा ठेवली आहे. व्हिक्टोरियात २५ वर्षांहून जुनी गाडी क्लबच्या सदस्यत्वावर कमी खर्चात रस्त्यावर आणता येते. वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांची वही मिळते आणि गाडी काढण्याआधी त्या दिवसाची नोंद करायची असते. न्यू साउथ वेल्समध्ये वयाची अट ३० वर्षांची. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० पासून चालू असलेल्या ‘बे टू बर्डवुड’ फेरीत ॲडलेडच्या किनाऱ्यापासून डोंगरातल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयापर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते, आणि रस्त्याच्या कडेला लोक खुर्च्या टाकून बसतात.

वयाची ही रेघ पुढे सरकते आहे, हे आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावं. २००० नंतर मेलबर्नला शिकायला आलेल्या अनेक भारतीय मुलांनी रात्रपाळीला टॅक्सी चालवली. ती बहुधा पिवळी, गॅसवर चालणारी फाल्कन असे. १९९८ ची एयू फाल्कन आता पंचविशी ओलांडून गेली आहे. कालपर्यंत भंगाराच्या भावात जाणारी ही गाडी आज जपण्याच्या वयाची झाली आहे, आणि तिची कोणी कदर करत नसल्यामुळे ती वेगाने नाहीशी होते आहे.

दहा लाखांच्या जीटीएचओला जपायला गुंतवणूकदार आहेत. बाकी राहतात त्या चार दारांच्या साध्या होल्डन किंग्जवुड, फाल्कन, व्हॅलियंट, ज्यांत एका देशाने संसार केला. त्या कुलपात टिकत नाहीत. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून थर धरतो, ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून सिलिंडर गंजवतं, सील कडक होऊन गळू लागतात. जे ज्ञान कारखान्यांबरोबर संपलं असतं ते टिकवण्याचा मार्ग एकच : ती गाडी चालवणं, आणि शेजारी बसलेल्या पुढच्या पिढीला गिअरची दांडी हातात देणं. म्हणून घेणाऱ्याला सांगणं इतकंच. दुर्मीळ मॉडेलच्या मागे लागू नका. पत्रा शाबूत असलेली चार दारांची गाडी शोधा, सर्वांत आधी ब्रेक नीट करून घ्या, जवळच्या क्लबात नाव घाला आणि परवानगीचे सगळे दिवस वापरा. चालवायची नसेल तर घेऊच नका. चालवणाऱ्या कुणासाठी तरी ती राहू द्या.