चित्राखालची पाटी

नव्वदच्या दशकात दिवाळीच्या तोंडावर पोस्टाने एक लिफाफा यायचा, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आत पाच-सहा भेटकार्डं असायची आणि एक चिठ्ठी: ही चित्रं तोंडात किंवा पायाच्या बोटांत कुंचला धरून काढलेली आहेत. आई हळहळायची, पैसे पाठवायची आणि कार्डं मामा-मावश्यांना जायची. चित्र कसं आहे, रंग बरे लागलेत का, याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. खरं तर पन्नासच्या दशकात लिश्टेनश्टाइनमध्ये स्थापन झालेली ही चित्रकारांची संघटना स्वतःला धर्मादाय संस्था म्हणवतच नाही. आम्ही चित्र काढतो, तुम्हाला आवडलं तर घ्या, एवढाच त्यांचा व्यवहार. दया आपण आपल्या पदरची घालत होतो.

लग्नाआधी मी कोल्हापूरकडे एका शाळेत मराठी शिकवायचे. अल्फारेटात आल्यावर व्हिसामुळे नोकरी नाही, मुलं शाळेत, आणि दुपार हाताशी मोकळी. मग नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावायची, मार्टाच्या लाल लाइनने आर्ट्स सेंटर स्टेशनला उतरायचं आणि समोरच्या हाय म्युझियममध्ये जायचं, असा नाद लागला. तिथे मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते एका विशिष्ट दालनाने. कलाशाळेची पायरी कधीही न चढलेल्यांच्या चित्रांचं ते दालन आहे. 1994 साली या प्रकारच्या कलेसाठी पूर्णवेळ स्वतंत्र विभाग उघडणारं हाय हे अमेरिकेतलं पहिलं सर्वसाधारण कलासंग्रहालय. आपल्या घरापासून पाऊण-एक तासावर असूनही आपल्यातले फार थोडे तिथे जातात, म्हणून हा लेखप्रपंच.

बाहेरचे म्हणजे कोण?

या कलेला इंग्रजीत ‘आउटसायडर आर्ट’ म्हणतात. 1945 साली ज्याँ द्युबुफे या फ्रेंच चित्रकाराने मनोरुग्णालयांतल्या आणि एकांतात जगणाऱ्या माणसांची चित्रं जमवायला सुरुवात केली. त्यांना त्याने ‘आर ब्रूत’, म्हणजे कच्ची, संस्कार न झालेली कला, असं नाव दिलं. 1972 साली रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाच्या पुस्तकामुळे ‘आउटसायडर’ हा शब्द रूढ झाला.

आपल्याला पटकन वारली चित्रं आठवतात, पण ती या खात्यात बसत नाहीत. वारली चित्रांमागे एक अख्खा समाज आहे, लग्नाचा चौक आहे, तो लिहिणाऱ्या सुवासिनी आहेत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मात्र थोडे सीमेवरचे वाटतात. आई गेल्यावर लहानगा जिव्या बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रं काढून सांगू लागला, असं सांगतात. जे काम बायकांचं मानलं जायचं ते या पुरुषाने रोजचं केलं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ते जगापुढे आणलं. 2011 साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. कुणीतरी थांबून बघावं लागतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

घर पाडलं, चित्रं उरली

नेली मे रो हिचा जन्म 1900 सालचा, आपल्याच जॉर्जियातल्या फेएट काउंटीतला. आयुष्यभर तिने शेतात आणि लोकांच्या घरी राबून पोट भरलं. नवरा गेला, नंतर ज्यांच्याकडे काम करायची ते मालक-मालकीणही गेले. तेव्हा साठी उलटलेली ही बाई लहानपणी राहून गेलेलं खेळणं पूर्ण करायला बसली. व्हिनिंग्जमधलं तिचं घर आणि अंगण बाहुल्यांनी, काचेच्या मण्यांनी, झाडांना टांगलेल्या खेळण्यांनी भरून गेलं. त्याला ती ‘प्लेहाउस’ म्हणायची. चघळलेल्या च्युइंगगमचीही तिने शिल्पं केली. आधी लोक दगड मारायचे, मग बघायला येऊ लागले.

1978 साली अटलांटातल्या ज्युडिथ अलेक्झांडरने आपल्या खासगी गॅलरीत तिचं प्रदर्शन भरवलं. मोठी संग्रहालयं पुढे येण्याआधी हे काम अशा एकेकट्या माणसांच्या छोट्या गॅलऱ्यांनी केलं. रो 1982 साली वारली. ते घर पुढे पाडलं गेलं आणि तिथे हॉटेल उभं राहिलं. अलेक्झांडरने जपलेली शंभरावर चित्रं मात्र हाय म्युझियमला मिळाली आणि 2021 साली तिथेच तिचं मोठं प्रदर्शन भरलं.

बिल ट्रेलरची गोष्ट शेजारच्या अलाबामाची. जन्म 1853च्या सुमाराचा, गुलामगिरीतला. ऐंशी ओलांडल्यावर, संधिवाताने शेतीकाम सुटलेलं असताना, हा म्हातारा मॉन्टगोमेरीच्या मन्रो स्ट्रीटवर फूटपाथला बसून फेकलेल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढू लागला: कुत्री, खेचरं, भांडणारी माणसं, बाटली उंचावणारे दारुडे. चार्ल्स शॅनन या तरुण चित्रकाराने त्याला रंग आणून दिले आणि हजारावर चित्रं जपून ठेवली. पुढे ट्रेलरचा एक पाय कापावा लागला. 1949 साली तो गेला. 2018पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. आणि 2020च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचं एक चित्र 5 लाख 7 हजार डॉलरला गेलं. हा पैसा कुणाचा? 1992 साली त्याच्या वारसांनी शॅननवर दावा लावला होता. तो तडजोडीने मिटला, पण प्रश्न मिटलेला नाही.

लोइस कर्टिस

जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती लोइस कर्टिस. 1967 सालचा जन्म, अटलांटाची. बौद्धिक अपंगत्व आणि स्किझोफ्रेनिया, त्यामुळे लहान वयापासूनच सरकारी संस्थांच्या आत-बाहेर. डॉक्टर स्वतः म्हणत होते की ही बाहेर, समाजात, मदत घेऊन राहू शकेल. पण बाहेर सोय नाही म्हणून आत ठेवायचं, असा कारभार. ती अटलांटा लीगल एड या संस्थेच्या वकिलांना पुन्हा पुन्हा फोन करायची आणि मला इथून बाहेर काढा, एवढंच मागायची. 1995 साली दावा दाखल झाला. इलेन विल्सन ही दुसरी स्त्री नंतर त्यात सामील झाली. 22 जून 1999 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं. समाजात राहू शकणाऱ्या आणि राहू इच्छिणाऱ्या अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत डांबणं हा भेदभाव आहे, असं त्यात ठरलं. ‘ओल्मस्टेड निकाल’ या नावाने तो ओळखला जातो आणि आज देशभरातल्या अपंगांना त्याचा आधार आहे.

बाहेर आल्यावर लोइस काय करत होती? चित्रं काढत होती. खडूंनी आणि रंगांनी काढलेले चेहरे, समोर बघणारे, मोठ्या डोळ्यांचे. तिची प्रदर्शनं भरली, चित्रं विकली गेली. 2011 साली ती व्हाइट हाउसमध्ये गेली आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांना आपलं एक चित्र भेट दिलं. 2022 साली ती गेली. तिचं नाव कायद्याच्या पुस्तकात ‘एल. सी.’ अशा दोन अक्षरांनी आहे. चित्रांवर मात्र तिची पूर्ण सही असायची.

ओकलंडचं गॅरेज

एकट्यादुकट्या कलाकाराला कुणीतरी भेटण्याची वाट पाहावी लागू नये, म्हणून कॅलिफोर्नियात एक वेगळीच वाट काढली गेली. राज्याची मोठी रुग्णालयं रिकामी होत होती, पण बाहेर आलेल्यांनी दिवसभर करायचं काय? 1974 साली फ्लॉरेन्स कॅट्झ ही चित्रकार आणि तिचा मानसशास्त्रज्ञ नवरा एलायस यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये टेबलं मांडली, रंग ठेवले. त्यातूनच ओकलंडचं ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ उभं राहिलं. पुढे ते एका जुन्या मोटारदुरुस्तीच्या गाळ्यात गेलं. तिथे आत स्टुडिओ आहे आणि त्याच छताखाली स्वतःची गॅलरी. शिकवणारे स्वतः कलाकार असतात, पण ‘असं काढ’ म्हणून सांगत नाहीत. वर्गात उभं राहून ‘समासात लिही’ म्हणणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचताना जरा अवघडल्यासारखं झालं.

इथेच ज्युडिथ स्कॉट घडली. जन्म 1943 सालचा, जुळ्यातली एक. डाउन सिंड्रोम होता, आणि तिला ऐकू येत नाही हे कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. सातव्या वर्षी ओहायोतल्या संस्थेत टाकली गेली आणि पस्तीस वर्षं संस्थांमध्येच राहिली. जुळी बहीण जॉइस हिने तिला सोडवून कॅलिफोर्नियात आणलं, 1987 साली क्रिएटिव्ह ग्रोथमध्ये घातलं. तिथेही बराच काळ ज्युडिथचं रंगांत मन रमेना. मग एके दिवशी तिच्या हाती दोरे, लोकर आणि चिंध्या लागल्या. काठ्या, भंगार, हाती येईल ते घेऊन ती त्याभोवती धागे गुंडाळत राहिली, दिवसेंदिवस, आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत. 2005 साली ती गेली तेव्हा अशी सुमारे दोनशे शिल्पं मागे होती. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयाने तर अलीकडे क्रिएटिव्ह ग्रोथच्या कलाकारांच्या शंभरावर कलाकृती एकदम विकत घेतल्या.

तिथे चित्र विकलं गेलं की सुमारे निम्मी रक्कम कलाकाराची, उरलेली रंग-कागद आणि संस्था चालवण्यासाठी. इतर व्यावसायिक गॅलऱ्याही साधारण असाच वाटा ठेवतात. म्हणजे व्यवहार तोच, माणूस बघून बदललेला नाही.

बाविसाव्या वाढदिवसानंतर

आता आपल्या गावाकडे येते. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, स्वमग्न. तिच्या संमतीने लिहिते. तो ज्या ज्या घरी जातो, तिथले छताचे पंखे काढतो. पाती किती, दिवा कुठला, साखळी लोंबते की नाही, सगळं बरोबर. काळ्या पेनने, एका पानावर एक पंखा. वह्यांची चळत झाली आहे. मागे एका गणेशोत्सवात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, त्यात त्याचे पंखेही होते, पण वेगळ्या फळ्यावर. वर पाटी होती: ‘आमची विशेष मुलं’. लोक समोर थांबत, ‘किती छान ना’ म्हणत आणि पुढे जात. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

मैत्रिणीची काळजी याहून मोठी आहे. जॉर्जियात विशेष शिक्षण बाविसाव्या वाढदिवसापर्यंत मिळतं. त्यानंतर शाळेची पिवळी बस दारात येत नाही. प्रौढांच्या मदतीसाठी ‘नाउ’ आणि ‘कॉम्प’ या मेडिकेड वेव्हर योजना आहेत, पण यादीत हजारो नावं वाट बघत आहेत. म्हणून अर्ज लवकर करून ठेवावा. नागरिकत्व आणि व्हिसानुसार पात्रता बदलते, हेही आधी तपासावं. एखादं चित्र खरंच विकलं गेलं तर आणखी एक मेख आहे. एसएसआय घेणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि 1989 पासून हा आकडा हललेला नाही. यातून थोडी वाट म्हणजे ‘एबल’ खातं, त्यात ठेवलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत मोजली जात नाही. हे खातं पूर्वी 26 वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्यांनाच मिळायचं, 2026च्या जानेवारीपासून ही मर्यादा 46 झाली आहे. जाणकार वकिलाशी मात्र बोलून घ्या.

‘आम्ही गेल्यावर याचं काय?’ हा प्रश्न आपल्या मंडळातल्या अनेक घरांत आहे. काही घरं बोलतात, बरीच दार लावून घेतात. भारतात निदान आत्या-काका, वाड्यातली माणसं होती. इथे आपणच एकमेकांचे आत्या-काका.

गॅलरी उघडायला पैसा लागतो, पण भिंत आपल्याकडे दरवर्षी असते. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी माझी सूचना साधी आहे. वेगळा फळा नको. पंख्याचं चित्र इतर चित्रांच्या रांगेत, नजरेच्या उंचीवर. खाली पाटीवर चित्रकाराचं नाव, ‘कागदावर शाई’, वर्ष, आणि विकायचं असेल तर किंमत. निदान नको. बघणाऱ्याला चित्र आवडलं तर त्याने ते विकत घ्यावं, नाही आवडलं तर पुढच्या चित्राकडे जावं. इतर चित्रकारांच्या बाबतीत आपण हेच करतो. पाट्या लिहायचं काम मी घेते. अक्षर अजून फळ्यावरचं आहे.