तोंडी रदबदली आणि लेखी अर्ज

मुलगा किंवा मुलगी विद्यापीठांत शिकूं लागली म्हणजे आपलें काम आतां फी भरण्यापुरतेंच उरलें, असें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस वाटूं लागतें. पुढें केव्हां तरी निकाल लांबतो, प्रवेश रद्द केल्यावरही फी परत मिळत नाहीं, किंवा महाविद्यालय मूळ दाखले अडवून धरतें. मग सारें घर खडबडून जागें होतें आणि पहिला प्रश्न निघतो तो, "तेथें आपल्या ओळखीचें कोण आहे?" हा. काकांचे स्नेही, आत्याच्या यजमानांचे सहाध्यायी, अशी शोधाशोध सुरू होते. ही शोधाशोधच पुष्कळदां मुलांचें नुकसान करते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परिचयांतील एका मुलीचे मूळ कागद तिच्या महाविद्यालयानें पुढील वर्षांच्या फीसाठीं अडवून ठेवले. घरच्यांनीं एका प्रतिष्ठित गृहस्थांकडून शब्द टाकविला. "पाहूं, करूं" यांत महिना गेला. अखेर मुलीनें स्वतः लेखी तक्रार केली, तेव्हां कागद तीन आठवड्यांत हातीं आले. पण दुसऱ्या गांवीं मिळालेली जागा तोंवर गेली होती! रदबदलीचा तो महिना कोणत्याही दप्तरांत नोंदलेला नाहीं.

विद्यापीठ अनुदान आयोगानें एप्रिल २०२३ मध्यें विद्यार्थ्यांच्या तक्रारींविषयीं नवे नियम केले. फीसाठीं कागद अडविणें ही तक्रारीची बाब म्हणून त्यांत स्पष्ट नमूद आहे. या नियमांन्वयें प्रत्येक संस्थेंत विद्यार्थी तक्रार निवारण समिति हवी. तिच्यांत एक प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ अध्यापक सभासद आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. अध्यक्ष व सभासद मिळून निदान एक स्त्री असावीच लागते. तक्रार हातीं आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीनें आपला अहवाल द्यावयाचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यास पाठवावयाची. निर्णय न पटल्यास १५ दिवसांच्या आंत लोकपालाकडे दाद मागतां येते. हा लोकपाल निवृत्त कुलगुरु, निवृत्त प्राध्यापक अथवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो आणि त्यानें ३० दिवसांत प्रकरण निकालांत काढावें, अशी अपेक्षा आहे. मात्र हे सारे दिवस मोजले जातात ते लेखी तक्रारीपासून.

अर्ज लिहावा कसा? न्यायशास्त्रांत अनुमानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत. आमच्या मुलांच्या अर्जांत त्यांपैकीं बहुधा शेवटचें निगमन तेवढें असतें, म्हणजे "तरी न्याय मिळावा". हेतूचा पत्ताच नसतो! एका अर्जांत एकच तक्रार असावी. काय घडलें, कोणत्या तारखेस घडलें, संस्थेच्या माहितीपुस्तकांतील कोणत्या नियमाविरुद्ध घडलें, आणि आपणांस नेमकें काय हवें आहे, एवढें लिहावें. "अन्यायी", "मनमानी" हीं विशेषणें सुखेनैव गाळावींत. तारीख त्यांहून अधिक बोलते. अर्ज पोर्टलवर केला तर नोंदणीक्रमांक टिपून ठेवावा, हातीं दिला तर पोच घ्यावी. आणि अर्ज मुलानेंच लिहावा. वडिलांनीं लिहून नुसती सही घेतली, तर सुनावणीच्या वेळीं मुलास धड उत्तर देतां येत नाहीं.

गुणांचें प्रकरण निराळें. केवळ गुण कमी मिळाले म्हणून लोकपाल उत्तरपत्रिका फिरून तपासावयास लावीत नाहीं. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तेव्हां आधीं विद्यापीठाच्या मुदतींत छायाप्रत मागवावी. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखालीं पाहण्याचा परीक्षार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं मान्य केला आहे. तसा अर्ज केल्यास ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवें. छायाप्रत आली म्हणजे प्रथम बेरीज पाहावी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, तो हें सांगत आहे.

छळाच्या तक्रारी या समितीच्या वाटेनें नेऊं नयेत. रॅगिंगसाठीं महाराष्ट्रांत १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. मुलीच्या लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आंत करावयाची असते. अशा प्रसंगीं "लोक काय म्हणतील" म्हणून मुलीस गप्प बसविणारें घर तिचे दिवस वायां घालवितें.

उरली ती भीति. प्राध्यापक डूख धरतील, प्रात्यक्षिकांत गुण कापतील, असें आई म्हणते. तें अगदींच निराधार नाहीं. पण तोंडी कुरकुर करणारा विद्यार्थीही नजरेंत येतोच, आणि त्याच्यापाशीं पुरावा कांहींच नसतो. अडचण साऱ्या वर्गाची असेल तर तक्रारीवर चौघांच्या सह्या घ्याव्यात. मात्र खोट्या तक्रारीबद्दल तक्रारदारावरच कारवाई करण्याची शिफारस लोकपाल करूं शकतो. म्हणून अर्ज धाडण्यापूर्वीं घरांतील एखाद्या वडील माणसानें त्यांतील प्रत्येक तारीख मूळ कागदाशीं ताडून पाहावी.